सिलॅबसबाहेरचा शेणकिडा

आधीच सांगून ठेवतो. हे लिखाण शाळेविरुद्ध आहे असं वाटेल, पण ते मुख्यतः तुमच्या-माझ्याविरुद्ध आहे. म्हणजे आठवडाभर हिंजवडी, खराडी, मगरपट्टा अशा ठिकाणी एसीत बसायचं आणि शनिवारी मिसळ खाताखाता 'मुलांना निसर्गाची ओळख व्हायला हवी हो' असं म्हणायचं, या आपल्या सबंध जमातीविरुद्ध. त्या जमातीचा मीही जुना सभासद आहे, त्यामुळे राग आला तर एकट्याला आला असं समजू नका.

तर झालं असं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कन्येच्या शाळेतून निरोप आला की पहिलीच्या वर्गाचा 'नेचर वॉक' आहे, वेताळ टेकडीवर, आणि पाच पालक स्वयंसेवक हवेत. दहा मिनिटांत चार आयांनी नावं दिली. पाचव्या जागेसाठी ग्रुपवर जी शांतता पसरली, ती पाहून मीच हात वर केला. हापिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुलीला तर काय, बाबा शाळेच्या बसमधून येणार म्हणून आदल्या रात्री झोप नाही.

निरोपासोबत सूचनांचं पत्रक होतं. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाण्याची बाटली, सॅनिटायझर. इथवर ठीक. मग सातवी सूचना: 'मुलांनी कोणत्याही झाडाला, प्राण्याला, कीटकाला किंवा मातीला हात लावू नये.' मी दोनदा वाचलं. मातीला! टेकडीवर जायचं आणि मातीला हात लावायचा नाही. पोहायला जा पण पाण्यात उतरू नका, त्यातला प्रकार.

सकाळी साडेसातला बस टेकडीच्या पायथ्याशी. तीस मुलं, दोन मिस, एक मावशी, पाच पालक. सहा-सहा मुलांचे पाच गट. एक मिस सगळ्यात पुढे, दुसरी सगळ्यात मागे, मधे आम्ही. पाऊस नुकताच उघडला होता आणि टेकडी अशी काही दिसत होती की विचारू नका. सहा वर्षांच्या पोराच्या छातीएवढं गवत, त्यात गुलाबी तेरडा, कवल्याची पिवळी फुलं, गवताच्या दोन काड्यांमधे जाळं लावून मधोमध बसलेला कोळी, ज्याच्या जाळ्यात नागमोडी पांढरी नक्षी असते. लांब कुठंतरी भारद्वाजाचं घुमणं चाललेलं. पायवाटेवर पैसे पडले होते. पैसे म्हणजे ते तांबूस-काळे, शंभर पायांचे, हात लावला की गोल वेटोळं करणारे पैसे. आमच्या लहानपणी त्यांना हात लावल्याशिवाय पावसाळा झाल्यासारखा वाटायचा नाही.

आणि मग मिसनी प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. 'नेचर ट्रेझर हंट'. बारा चित्रं, चित्राखाली चौकोन, वस्तू दिसली की चौकोनात टिक करायची. पाइनचं बोंड. ओकचं फळ, म्हणजे एकॉर्न. मेपलचं पान. लाल छातीचा रॉबिन. उरलेल्यात एक खार, एक लेडीबग, एक पीस, दगड, ढग वगैरे. कुठल्यातरी अमेरिकन शिक्षिकेनं तिच्या गावच्या जंगलासाठी बनवलेला कागद, आपण छापून घेतला. तिनं तिचं काम चोख केलं होतं. तिच्याकडे पाइन आहे, ओक आहे, मेपल आहे. वेताळ टेकडीवर यातलं एकही झाड नाही.

पुढचा अर्धा तास तीस मराठी पोरं पुण्याच्या टेकडीवर एकॉर्न शोधत होती.

यात मजेचा भाग नाही का, आहे. पण एक प्रसंग सांगतो म्हणजे मजा कुठं संपते ते कळेल. माझ्या गटातली एक मुलगी एका खडकाकडे बोट दाखवून ओरडली, "काका, बर्ड!" खडकावर चिरक बसला होता. काळाकुळकुळीत नर, शेपटी अगदी ताठ वर केलेली, शेपटीच्या खाली तांबूस रंग. त्याचं इंग्रजी नाव इंडियन रॉबिन. म्हणजे कागदावरच्या बारापैकी एक वस्तू चक्क समोर येऊन बसली होती! तिनं कागदाकडे पाहिलं, पक्ष्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या गटातल्या आईला विचारलं, "हा रॉबिन आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही बेटा, रॉबिनची छाती रेड असते. शोध, सापडेल." मुलीनं मान वळवली आणि शोधायला लागली. चिरक उडून गेला.

त्या बाईंची चूक नाही. त्यांच्या हातात जो कागद होता त्याप्रमाणे त्यांचं उत्तर बरोबर होतं. आमच्या धंद्यात याला म्हणतात डॉक्युमेंटेशनवर विश्वास ठेवून सिस्टिमकडे न बघणं. एका हुशार कार्ट्यानं तर पाचव्या मिनिटाला बाराच्या बारा चौकोनांत टिक केली आणि "मिस, आय फाउंड एव्हरीथिंग!" म्हणून स्टार मिळवला. तो पुढे मोठा प्रोजेक्ट मॅनेजर होणार यात मला शंका नाही.

सवयीचा गुलाम म्हणून मी मोजायला लागलो. अर्ध्या तासात आम्हा मोठ्या माणसांच्या तोंडून 'नको' हा शब्द (त्याच्या 'नो', 'डोंट' वगैरे भावंडांसकट) ४७ वेळा आला. 'बघ' हा शब्द ४ वेळा आला. त्यातले ३ 'कॅमेऱ्याकडे बघ' असे होते.

पुन्हा वाचा हवं तर. निसर्ग बघायला आलेल्या मुलांना 'बघ' असं आम्ही अर्ध्या तासात एकदाच म्हणालो.

आता मुख्य गोष्ट. वाटेत एके ठिकाणी ताजं शेण पडलं होतं. टेकडीवर गुरं चरायला येतात. त्या शेणापासून हातभर अंतरावर एक शेणकिडा आपला गोळा ढकलत चालला होता. गोळा त्याच्याहून मोठा. किडा डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, आणि उलटा चालत चाललेला. माझ्या गटाची सहाही मुलं एकदम खाली बसली. कुणी सांगितलं नव्हतं, कागदावर चौकोन नव्हता, स्टार मिळणार नव्हता. सगळी गप्प. सकाळपासून पहिल्यांदा गप्प. मग निळी वॉटरबॅग लावलेल्या एका मुलानं विचारलं, "काका, हा उलटा का चालतो? त्याला दिसतं कसं कुठं जायचं?"

इतका सुंदर प्रश्न मला गेल्या वर्षभरात एकाही मीटिंगमधे कुणी विचारलेला नाही. आणि मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, "चला चला, पुढे फोटो आहे." मागून एक आई म्हणाल्या, "शी! डर्टी! कमॉन, सॅनिटायझर लावा सगळ्यांनी." लावलं. किड्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता, तरी लावलं.

फोटोची जागा थोडी वर होती, जिथून शहर दिसतं. बॅनर उघडला. उंच मुलं मागे, बुटकी पुढे, टोप्या काढा, टोप्या घाला. तेवढ्यात माझा फोन वाजला. हापिसातून. रात्रीच्या रिलीजनंतर काहीतरी बोंबललं होतं. "दोनच मिनिटं" म्हणून मी बाजूला झालो. आमची मागची मिस एका मुलाला झाडामागे शू करायला घेऊन गेली होती, म्हणजे त्या वेळी रांगेच्या शेवटाला फक्त मी होतो. आणि मी पाठ करून लॉग फाइल कुठं बघायची ते समजावत होतो.

फोटो झाला. मिसनी मोजलं. एकोणतीस.

परत मोजलं. एकोणतीस.

निळी वॉटरबॅग नव्हती.

ज्यांनी वेताळ टेकडी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, तिथे एक जुनी दगडाची खाण आहे आणि पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी असतं. आम्ही उभे होतो तिथून ती बरीच लांब होती. पण त्या क्षणी मला अंतर वगैरे काही सुचलं नाही, फक्त पाणी दिसलं. मी पळत सुटलो. चुकीच्या दिशेनं पळालो. एक आई रडायला लागल्या. मिसचा चेहरा पांढराफटक. माझी स्वतःची मुलगी मावशींचा हात धरून माझ्याकडे बघत होती, ती नजर मी इथे लिहू शकत नाही. सहा-सात मिनिटं गेली असतील. मग गुरं घेऊन येणारे एक आजोबा भेटले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "निळ्या बाटलीवालं पोरगं व्हय? ते तिकडं किडं बगत बसलंय. म्हनलं असंल कुनीतरी संगट, म्हून उभा व्हतो जरा."

तो तिथेच होता, जिथे आम्ही त्याला सोडून गेलो होतो. पालथा झोपलेला, हनुवटी दोन्ही हातांवर. मला बघून म्हणाला, "काका, तो चढावरून तीनदा घसरला. आणि मधेच बॉलवर चढून गोल फिरला. मग परत ढकलायला लागला."

मी त्याला उचललं आणि मग मिस त्याला रागावल्या, आया रागावल्या, आणि खरं सांगायचं तर मीही रागावलो. तो रडला. बसमधे पहिल्या सीटवर मावशींच्या शेजारी बसवलं, शिक्षा म्हणून.

दोन दिवसांनी ग्रुपवर निरोप. 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' यापुढे टेकडीवर नेचर वॉक होणार नाही. पुढच्या वेळी शहराबाहेरच्या एका कुंपण घातलेल्या कृषी पर्यटन केंद्रात नेण्यात येईल. ट्रॅक्टर राइड, रेन डान्स, दुपारचं जेवण, सगळं आत. मी लिहिलं की चूक टेकडीची नव्हती, माझी होती. शेवटचा गट माझा होता आणि मी फोनवर होतो. त्यावर एकांनी लिहिलं, 'इट्स ओके, होतं असं.' आणि शाळेच्या निरोपावर अंगठ्यांची रांग लागली.

माझं भांडण त्या अंगठ्यांशी आहे.

आपण सगळे कामाच्या ठिकाणी काही बिघडलं की रूट कॉज शोधतो. रात्रीच्या ड्यूटीवरचा माणूस झोपला म्हणून सर्व्हर पडला, तर दुसऱ्या दिवशी सर्व्हर विकून टाकत नाही. मग इथे काय बिघडलं? मुलगा पळून गेला नाही. कड्यावर गेला नाही, खाणीकडे गेला नाही. तो जागचा हललाच नाही. हललो आम्ही. बिघाड होता लक्ष नसलेल्या एका मोठ्या माणसात, आणि दर वळणाला मुलं न मोजण्यात. या दोन्ही गोष्टी त्या कृषी पर्यटन केंद्रातही बसमधून आपल्यासोबतच येणार आहेत. तिथे स्विमिंग पूल असला म्हणजे झालं.

तुम्ही म्हणाल, बोलायला सोपं आहे, अपघात होतात. होतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. या बातम्या वाचून ज्याच्या पोटात गोळा येत नाही तो आईबाप नाही. पण त्या बातम्या नीट वाचा. हरणीच्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती आणि अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. म्हणजे शिकण्यासारखं आहे ते अगदी नेमकं आहे: पाणी, बोट, जॅकेट, माणसं मोजणं, आणि 'चलता है' न म्हणणं. त्यातून आपण शिकलो काय, तर गवत धोकादायक असतं. आणि गंमत बघा, हरणीची सहल कुठल्या रानात नव्हती, पैसे देऊन बोटीत बसवणाऱ्या सहलीच्या ठिकाणी होती. कुंपण होतं, तिकीट होतं म्हणून सुरक्षित, हा हिशोब तिथेच खोटा ठरला आहे.

दुसरा आक्षेप: एका किड्यासाठी एवढं काय? बरं, किड्याबद्दलच बोलू. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मी घरी येऊन शोधलं. शेणकिडा गोळा घेऊन सरळ रेषेत पळ काढतो, कारण शेणाजवळ रेंगाळला तर दुसरा किडा गोळा हिसकावतो. उलटा चालताना दिशा ठरवायला तो आकाश वापरतो. मधेच गोळ्यावर चढून गोल फिरतो तेव्हा तो दिशा बघून घेत असतो. म्हणजे पोरानं जे पालथं पडून पाहिलं, ते अगदी बरोबर पाहिलं होतं! २०१३ साली स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की शेणकिड्याची एक आफ्रिकन जात अंधाऱ्या रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरते. त्यासाठी त्यांनी किड्यांना तारांगणात नेलं आणि काहींच्या डोक्यावर चिमुकल्या पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या, आकाश दिसू नये म्हणून. पहिलीतल्या मुलांना ही टोपीची गोष्ट सांगून बघा, आणि मग ट्रॅक्टर राइडचं नाव काढून बघा.

आणि 'शी, डर्टी'बद्दल. ऑस्ट्रेलियात युरोपीय लोक गुरं घेऊन गेले, पण तिथल्या शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गाईचं शेण कुरणात तसंच पडून राहायला लागलं, गवत मरायला लागलं, माशांचा सुळसुळाट झाला. शेवटी १९६० च्या दशकात तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं बाहेरच्या देशांतून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. एका देशानं पैसे खर्चून आयात केलेला प्राणी आपल्याकडे फुकट आपल्या मुलांच्या बुटांपुढून गेला, आणि आपण सॅनिटायझर काढलं.

तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे: आम्हालाच काही माहीत नाही, मुलांना काय सांगणार? मलाही नव्हतं माहीत. पण सलीम अलींची गोष्ट आठवा. मुंबईतला एक लहान मुलगा. छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी मारतो, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसतो, म्हणून ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत जातो. तिथले सचिव मिलार्डसाहेब. त्यांनी पोराला हाकललं नाही. पक्षी ओळखून सांगितला, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. मिलार्ड जाणकार होते हे खरं, पण त्यांच्या जाणकारीच्याही आधी त्यांनी एक गोष्ट केली, ती म्हणजे एका पोराच्या हातात काय आहे ते बघायला वेळ काढला. 'मला माहीत नाही, चल बघू' एवढं वाक्य बोलायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. मी ते वाक्य बोललो असतो तर मीही तिथेच थांबलो असतो, आणि मोजणी तीस भरली असती.

चौथं म्हणजे ते 'आमच्या लहानपणी'. हे पुराण आता बंद करू या. आमच्या लहानपणी आम्ही झाडावर चढायचो, ओढ्यात खेळायचो, सगळं खरं. पण आपल्या आईवडिलांनी आपल्याला काही निसर्गशिक्षण दिलं नव्हतं. त्यांनी फक्त आपला पिच्छा सोडला होता. आपण मुलांचा पिच्छा सोडायला तयार नाही, आणि सोबत असताना लक्ष द्यायलाही तयार नाही. दोन्हीकडून पोरांचं नुकसान. मग बारा पैशांचं स्मरणरंजन करून काय उपयोग?

शाळेवर सगळं ढकलून मोकळं होणंही बरोबर नाही. १९९१ साली एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीचा करायला सांगितलं. हेतू किती चांगला! त्याचं आपण काय केलं? पुस्तक आलं, मार्क आले, प्रकल्पाची वही आली. आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात चित्रं कापून चिकटवायचे तयार तक्ते आले. ते तक्ते विकत आणून रात्री अकराला चिकटवतो कोण? आपणच. मुलं तोवर झोपलेली असतात.

बरं, निसर्ग वगैरे भावनिक गोष्टी बाजूला ठेवा. ज्यांना फक्त फायदा-तोटा कळतो त्यांच्यासाठी: तैवानमधे शाळकरी मुलांच्या चष्म्यांचं प्रमाण भयंकर वाढलं होतं. २०१० पासून तिथल्या शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर न्यायचा कार्यक्रम हाती घेतला, आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं अधू नजरेचं प्रमाण त्यानंतर खाली यायला लागलं. रोज दोन तास. आपण वर्षातून एकदा दोन तास नेतो, आणि तेही आता रद्द.

तर माझं म्हणणं काय आहे? टीका करून पळून जायचं नाही म्हणून लिहून देतो.

वर्षातून एकदा लांबची सहल नको, त्याच टेकडीवर वर्षातून सहा वेळा न्या. जूनमधली, सप्टेंबरमधली आणि मार्चमधली टेकडी या तीन वेगळ्या टेकड्या आहेत, हे पोरांना आपोआप कळेल. छापील कागद नको. हवा तर कोरा द्या. पालकांचे फोन बसमधे ठेवा. एकच फोन, मिसकडे. फोटो नाही काढला तरी सहल झाली असं समजावं. मुलांच्या जोड्या लावा, दर दहा मिनिटांनी आणि दर वळणाला मोजा, आणि शेवटचं मूल उठल्याशिवाय पहिल्यानं चालायचं नाही. 'नको' म्हणायला मोठ्यांना चारच कारणं: पाणी, कडा, साप-विंचू, आणि अनोळखी फळ तोंडात घालणं. बाकी हात लावू दे. माती धुतल्यावर जाते.

आणि पालक स्वयंसेवकाला एकच नियम. मूल खाली बसलं की आपणही खाली बसायचं. गुडघे दुखतात माहीत आहे, माझेही दुखतात.

यात पणाला काय लागलं आहे ते शेवटी सांगतो. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि तिच्या पोटातून बोगदे नेण्याच्या प्रस्तावांविरुद्ध २०२३ साली पुण्यातली बरीच माणसं मोर्चा घेऊन उतरली होती. कोण होती ती? वर्षानुवर्षं पहाटे टेकडीवर जाणारी, त्यातली बरीचशी पिकल्या केसांची. त्यांच्या जागी वीस वर्षांनी कोण असणार? ज्या मुलाला टेकडी म्हणजे एकॉर्न न सापडलेली जागा एवढंच आठवतं, ते मूल? की जे रेन डान्सला गेलं होतं ते? टेकडीच्या उतारांवर वनखात्यानं लावलेली गिरिपुष्पाची झाडं आहेत, मूळची मध्य अमेरिकेतली. मराठीत त्यांना उंदीरमारी म्हणतात, कारण त्यांचं बी उंदरांना विष. लांबून बघणारा म्हणतो, वा, किती हिरवं! आणि जिथे खरं गवत आहे, तेरडा आहे, चिरक आहे, शेणकिडा आहे, त्या उघड्या माळाला म्हणतो, ही काय पडीक जागा, करा की रस्ता. हा फरक नकाशावरून कळत नाही. तो कधीतरी सहाव्या वर्षी तिथे पालथं पडल्याशिवाय कळत नाही.

तीस मुलांपैकी एक मूल त्या दिवशी पालथं पडलं होतं. त्याला आपण शिक्षा केली.

गेल्या रविवारी मी त्या मुलाच्या आईला फोन केला. आधी माफी मागितली, मग विचारलं. त्या जरा का-कू करत होत्या, ते स्वाभाविक होतं. पण आल्या. त्या, तो, माझी मुलगी आणि मी. फोन गाडीच्या डिकीत. तीच जागा शोधून काढली. शेण वाळून गेलं होतं, किडा नव्हता. चाळीस मिनिटं बसलो. मुंगळे दिसले, एक टोळ दिसला, बाकी काही नाही. पोरगा मात्र एक बारीक भोक दाखवून सांगत होता की तो इथूनच आत गेला असणार. माझ्या मुलीनं विचारलं, "आत तो बॉलचं काय करतो?" मी म्हणालो, खातो, आणि कधी कधी मादी त्यात अंडं घालते, मग पिल्लू बाहेर यायच्या आधी आतून तेच खात मोठं होतं. दोघंही बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसली.

हे मला माहीत होतं, कारण या वेळी मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. पुढच्या रविवारी परत जाणार आहोत.